वेल्ड केलेला बंपर पुन्हा त्याच जागी तडकतो: वेल्डिंग आणि अ‍ॅडहेसिव्ह एकत्र वापरताना काय बिघडतं

तक्रार नेहमीची आहे. पुढचा बंपर कोपऱ्यात, फेंडरला जिथे अडकतो त्या कानाजवळ चिरतो. गॅरेजमध्ये तो हॉट एअर गनने किंवा सोल्डरिंग आयर्नने जोडला जातो, मागून अ‍ॅडहेसिव्ह थापलं जातं, वरून पुट्टी आणि रंग. गाडी बाहेर पडते तेव्हा जोड शोधूनही सापडत नाही. मग एखादा खड्डा लागतो, किंवा गाडी नुसती चार दिवस उन्हात उभी राहते आणि रंगावर केसाएवढी रेघ उमटते. बघता बघता चीर उघडते, तीही जुन्याच रेषेवर. दुसऱ्या खेपेला आणखी वेल्ड, आणखी अ‍ॅडहेसिव्ह. तिसऱ्या खेपेला गिऱ्हाइकाला नवा बंपर घ्यायला सांगतात.

बहुतेक वेळा नव्या बंपरची गरज नसते. माल कमी पडला म्हणून हे जोड सुटत नाहीत. वेल्डिंगचं काम वेगळं आणि अ‍ॅडहेसिव्हचं वेगळं. एकाचं काम दुसऱ्यावर ढकललं किंवा त्यांचा क्रम उलटला, की दोघांचीही मेहनत फुकट जाते. पुढे जे लिहिलंय ते बंपर, क्लॅडिंग, मडगार्ड अशा पॉलिप्रोपिलिनच्या, म्हणजे पीपीच्या भागांबद्दल आहे. सगळ्यात जास्त तक्रारी याच प्लास्टिकच्या येतात.

सुटलेला जोड आधी नीट बघा

जुनी दुरुस्ती ग्राइंडरने उडवायची घाई करू नका. उजेडात धरून बघा. जोड कसा सुटला यावरून काय करायचं ते ठरतं.

वेल्डची पट्टी सबंधच्या सबंध निघून आली असेल आणि खालची खाच चकचकीत असेल, खाच पाडताना पडलेले ओरखडेसुद्धा जसेच्या तसे दिसत असतील, तर खालचं प्लास्टिक वितळलंच नव्हतं. नुसता रॉड, म्हणजे खाच भरायची प्लास्टिकची कांडी, वितळून वर जाऊन बसला होता. यामागे दोनच कारणं असतात: उष्णता खोलवर पोचली नाही, किंवा रॉड वेगळ्या प्लास्टिकचा होता.

वेल्ड शाबूत आहे, पण त्याच्या अगदी कडेने दोन-तीन मिलिमीटरवर नवी चीर धावते आहे, असंही पुष्कळदा दिसतं. तिथला रंग पिवळट-तपकिरी झाला असेल, बारीक बुडबुडे असतील, तर प्लास्टिक जळालेलं आहे. रंग ठीक असेल, तर वेल्ड मजबूत असूनही भार त्याच्या कडेला एकवटला. मागून आधार नव्हता किंवा असून सुटला होता.

मागचं अ‍ॅडहेसिव्ह पापुद्र्यासारखं अख्खं निघालं असेल तर ते उलटं करून बघा. त्याच्या पाठीवर पॉलिश पेपरच्या रेघांचा स्वच्छ ठसा दिसतो आणि बंपरवर अ‍ॅडहेसिव्हचा कणही उरलेला नसतो. अ‍ॅडहेसिव्ह खाचाखोचांत शिरलं, सुकलं, पण चिकटलं कधीच नाही. पीपीवर सगळ्यात जास्त हाच प्रकार आढळतो. याउलट अ‍ॅडहेसिव्ह मधूनच फाटलं असेल, थोडं इकडे आणि थोडं तिकडे राहिलं असेल, तर पृष्ठभागाची तयारी बरोबर होती. मिश्रणाचं प्रमाण, थराची जाडी किंवा सुकण्याचा वेळ यांपैकी काहीतरी चुकलं. हा दोष सुधारायला सोपा.

आणखी एक खूण चुकवू नका. चिरेच्या कडेला काचेसारखी चकचकीत, कडक रेघ दिसली, तर गाडीमालकाने आधी घरी फेव्हिक्विक लावून बघितलेलं आहे. ती रेघ पुढे फार महत्त्वाची ठरते.

प्लास्टिक कोणतं आहे ते अंदाजाने ठरवू नका

बंपरच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचं नाव कोरलेलं असतं. ‘पीपी + ईपीडीएम’ आणि पुढे ‘टीडी २०’ असं काहीसं दिसेल. म्हणजे पॉलिप्रोपिलिन, त्यात लवचीकपणासाठी रबर, आणि वजनाने २० टक्के टाल्क, म्हणजे बारीक खनिज भुकटी. ही खूण सापडली तर बाकी परीक्षांची गरज नाही.

खूण नसेल तर बरेच जण तुकडा पाण्यात टाकून बघतात. तरंगला तर पीपी, बुडाला तर एबीएस, म्हणजे स्कूटरच्या पॅनेलसारखं कडक प्लास्टिक. साध्या पीपीची घनता ०.९ च्या आसपास असते, त्यामुळे तो तरंगतो, हे खरं. पण २० टक्के टाल्क घातलेला पीपी पाण्यापेक्षा किंचित जड होतो आणि बुडतो. एवढ्यावरून त्याला एबीएस ठरवून एबीएसचा रॉड लावला, तर वर सांगितलेली चकचकीत खाच हमखास मिळणार. हे दोन प्लास्टिक वितळून शेजारी बसतात, एकमेकांत मिसळत नाहीत.

त्यापेक्षा आतल्या बाजूला ग्राइंडर हलकेच टेकवून बघा. पीपी मेणासारखा माखतो, कडेला धागे-लोंब्या काढतो. एबीएसची भुकटी पडते. याच परीक्षेने दुसरीही गोष्ट कळते: जो माखतो त्याच्यावर साधं अ‍ॅडहेसिव्ह टिकणार नाही. रॉडच्या बाबतीत खात्रीचा मार्ग म्हणजे तीच खूण असलेल्या भंगारातल्या बंपरची पट्टी कापून रॉड म्हणून वापरणे. टाल्क आणि रबराचं प्रमाण जुळतं, आणि ते जुळलं की वेल्ड छान बसतो.

मूळ घोळ क्रमाचा

गाडीच्या पत्र्याच्या कामात वेल्डिंग आणि अ‍ॅडहेसिव्ह एकत्र वापरणं जुनं आहे. दोन पत्र्यांच्या मध्ये इपॉक्सीचा थर देतात आणि त्यावरूनच स्पॉट वेल्ड मारतात. इलेक्ट्रोडच्या दाबाने इपॉक्सी बाजूला सरकतं, मधल्या काही मिलिमीटरपुरतंच पोलाद वितळतं, आणि पुढे रंगाच्या भट्टीत बाकीचं इपॉक्सी पक्कं होतं. अ‍ॅडहेसिव्ह आधी, वेल्ड नंतर. पत्र्याला हे चालतं.

हीच सवय प्लास्टिकवर आणली की जोड गेला. प्लास्टिकचा वेल्ड धरतो तो दोन्ही बाजूंच्या लांबच लांब रेणूसाखळ्या वितळलेल्या अवस्थेत एकमेकींत शिरतात आणि थंड होताना गुंतून बसतात म्हणून. मध्ये अ‍ॅडहेसिव्हचा पातळसा पडदा जरी असला तरी त्या साखळ्या पलीकडे पोचत नाहीत. पक्कं झालेलं इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन तर पुन्हा वितळतच नाही. ते करपतं, वायू सोडतं, आणि वेल्डमध्ये बुडबुडे धरतात. तो धूर आरोग्यालाही वाईट. तापलेल्या पॉलियुरेथेनमधून आयसोसायनेट बाहेर पडतात आणि त्यांनी दमा जडू शकतो. जुनं अ‍ॅडहेसिव्ह असलेल्या जागी गन लावायची वेळच येऊ देऊ नका.

म्हणून पीपीच्या भागाला नियम एकच: वेल्ड आधी पूर्ण, तो थंड, मग दुसऱ्या जागी अ‍ॅडहेसिव्ह. खाचेत फक्त रॉड. अ‍ॅडहेसिव्ह मागच्या पाठीवर, जोडाच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं. वेल्डने चीर सांधायची, अ‍ॅडहेसिव्हने भार रुंद जागेवर वाटायचा. अ‍ॅडहेसिव्ह घसरण्याच्या दिशेने ओढलं तर चांगलं टिकतं, पण कडेपासून सोलल्यासारखं ओढलं तर सहज सुटतं. ३ मिलिमीटर जाडीच्या कडेला कड लावून ते कितीही चांगलं असलं तरी टिकत नाही, पण पाठीवर पाच-पाच सेंटिमीटर पसरलं की त्याला हवा तसा भार मिळतो.

फेव्हिक्विकची ती रेघ इथे आडवी येते. चिरेच्या कडेला मुरलेलं इन्स्टंट ग्लू पूर्ण कापून काढल्याशिवाय वेल्ड सुरू करू नका. नुसतं घासून भागत नाही. रोटरी फाइलने स्वच्छ, मॅट प्लास्टिक दिसेपर्यंत खाच रुंद करा. रुंद खाच भरता येते. आत राहिलेलं ग्लू वरून दिसत नाही आणि त्याच जागी जोड उघडतो.

वेल्ड

सगळ्यात आधी साबण-पाणी. पॉलिश पेपरने घासण्याआधी धुवायचं. उलट केलं तर गाडीला लावलेलं मेण आणि सिलिकॉन पॉलिश ओरखड्यांत दाबलं जातं आणि पुढे काही केल्या निघत नाही. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनरच्या डब्यात बुडवलेलं जुनं फडकं वापरू नका, त्यात तेल असतं.

चीर जिथे संपते तिथे ३ मिलिमीटरचं भोक पाडा. चिरेचं टोक अतिशय तीक्ष्ण असतं आणि सगळा ताण तिथे गोळा होतो. गोल भोकाने तो पसरतो. हे भोक वेल्डमध्येच बुजतं, पण न पाडता वेल्ड केला तर चीर वेल्डच्या पुढून चालायला लागते.

दर्शनी बाजूला अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावून कडा एका पातळीत आणा आणि मागून निम्म्या जाडीपर्यंत व्ही आकाराची खाच घ्या. ग्राइंडर कमी वेगावर. वेग वाढवला की पीपी कापला न जाता वितळून माखतो आणि खाचेवर मळकट कातडी धरते. मागचा वेल्ड झाला, भाग गार झाला, की पट्टी काढून दर्शनी बाजूने मागच्या वेल्डला भिडेपर्यंत दुसरी खाच, आणि तोही वेल्ड.

पीपी १६० ते १६५ अंशांना वितळतो. गनच्या तोंडाशी हवा त्याहून बरीच गरम लागते, साधारण ३०० अंश. पण आकड्यापेक्षा डोळ्यांवर विसंबा. रॉड खाचेत दाबत पुढे जाताना त्याच्या दोन्ही बाजूंना वितळलेल्या प्लास्टिकचे बारीक ओठ उमटायला हवेत, एकसारखे, संपूर्ण लांबीभर. एकाच बाजूला ओठ आहे म्हणजे गन तिरकी आहे. ओठच नाहीत म्हणजे खालचं प्लास्टिक अजून कच्चं आहे. वेग कमी करा, गन रॉडवर कमी आणि खाचेवर जास्त धरा. चमक येऊन पिवळेपणा दिसू लागला की जळतंय. झाल्यावर गार पाण्याचं फडकं लावू नका. पीपीमध्ये थंड होताना स्फटिक तयार होतात. एकाएकी गार केलं की आकुंचन विषम होतं आणि ताण आत अडकून राहतो. आपोआप कोमट होऊ द्या.

सोल्डरिंग आयर्नबद्दल स्पष्टच सांगतो. तापमान नियंत्रण नसलेलं साधं आयर्न पृष्ठभाग करपवतं आणि खाली खाच थंड राहते. एखादा लहान कान तात्पुरता धरायला ते ठीक, लांब चिरेला नाही. गरम स्टेपल, म्हणजे तापवून प्लास्टिकमध्ये रुतवायची तारेची पिनही पातळी धरायला चांगली, पण ती स्टेनलेसचीच हवी. साधी गंजते आणि तिच्या पायाशी नवी चीर सुरू होते.

अ‍ॅडहेसिव्ह

पीपीवर काही चिकटत नाही याचं कारण पृष्ठऊर्जा, म्हणजे पृष्ठभागाची द्रवाला ओढून पसरवण्याची ताकद. पीपीची ती मीटरला साधारण ३० मिलिन्यूटन, एबीएसची ४० च्या घरात. इपॉक्सीसारख्या रेझिनचा पृष्ठताण ४५ च्या आसपास. द्रवाचा ताण पृष्ठभागाच्या ऊर्जेपेक्षा जास्त असला की तो पसरत नाही, थेंब धरून बसतो. पसरलाच नाही तर चिकटणार कसा? ओरखडे कितीही खोल पाडले तरी हा आकडा बदलत नाही. म्हणून अ‍ॅडहेसिव्ह महाग आणलं आणि पृष्ठभाग तसाच ठेवला, तर पैसा पाण्यात.

उपाय दोन. एक, पॉलिओलेफिनसाठी, म्हणजे पीपीच्या जातीच्या प्लास्टिकसाठी मिळणारा अ‍ॅडहिजन प्रमोटर, अ‍ॅडहेसिव्ह धरावं म्हणून आधी लावायचा द्रव. ८० नंबरच्या पेपरने घासून, पुसून, त्याचा पातळ हात द्यायचा आणि डब्यावर दिलेला वेळ पाळायचा. जाड हात देऊ नका. जाड थर स्वतःच मधून फाटतो. दुसरा उपाय ज्योतीचा. लहान टॉर्चची निळी ज्योत पृष्ठभागावरून भरभर फिरवायची, कुठेही थांबायचं नाही. वरचा अगदी पातळ थर ऑक्सिडाइज होतो आणि पृष्ठऊर्जा वाढते. झालं की नाही ते पाण्याने कळतं. आधी थेंब उभे राहत होते, आता पाणी सलग पातळ पडदा धरून राहतं. कडेला कुठे पडदा फाटून थेंब झाले, तर तेवढी जागा राहिली. पृष्ठभाग चकाकायला लागला तर ज्योत जास्त झाली. पाणी पूर्ण वाळवून लगेच अ‍ॅडहेसिव्ह लावा, कारण हा परिणाम कमी होत जातो आणि हात लागला की त्या जागी संपतो. प्रमोटर ज्वालाग्राही असतो; ज्योतीचं काम आटोपून टॉर्च दूर ठेवेपर्यंत त्याचा डबा उघडू नका.

अ‍ॅडहेसिव्ह दोन भागांचं, बंपरइतकंच लवचीक. दुरुस्तीसाठी मिळणारं पॉलियुरेथेन चालतं. पीपीसाठीच बनवलेली काही अ‍ॅक्रिलिक अ‍ॅडहेसिव्ह प्रमोटरशिवायही धरतात, पण ती महाग आहेत. कडक इपॉक्सी नको. बंपर वाकतो, इपॉक्सी वाकत नाही, आणि ते कडेपासून उचलायला लागतं. मिक्सिंग नोझलमधून येणारा पहिला थोडा माल फेकून द्या, त्यात दोन भाग नीट मिसळलेले नसतात. पातळ थर, त्यात फायबरग्लासची जाळी दाबून, वर दुसरा थर. सगळं पिळून बाहेर काढू नका. एक मिलिमीटरच्या आसपास थर उरला पाहिजे. कडा उताराच्या ठेवा. जाड, उभी कड म्हणजे सोलायला आयतं टोक.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, पॉलियुरेथेनमध्ये फेस येतो अशी तक्रार असते. अ‍ॅडहेसिव्ह जुनं होतं असा संशय घेतला जातो, आणि कधीकधी तो खराही असतो, पण बहुधा कारण पाण्याचं असतं. आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि थर स्पंजासारखा होतो. धुतलेला बंपर फडक्याने पुसून लगेच काम सुरू केलं तर ओरखड्यांत पाणी असतंच. गन कमी आचेवर फिरवून भाग कोमट करा, हाताला सोसेल एवढाच, आणि मग लावा.

तरीही त्याच जागी तडकला तर

मग दोष जोडात शोधू नका, बसवण्यात शोधा. टाल्क घातलेला पीपी एका अंशाला मीटरमागे साधारण ०.०८ मिलिमीटर वाढतो, पोलाद ०.०१२. हिवाळ्यातल्या पहाटेपासून उन्हात तापलेल्या काळ्या प्लास्टिकपर्यंत ५० अंशांचा फरक सहज पडतो. दीड मीटर लांबीवर बंपर ६ मिलिमीटर वाढतो, मागची चौकट एकही मिलिमीटर वाढत नाही. म्हणूनच बंपरची भोकं लांबट असतात. हरवलेल्या क्लिपऐवजी मोठा वॉशर घालून बोल्ट करकचून आवळला, की बंपरला सरकायला जागा उरत नाही आणि ती सगळी वाढ कोपऱ्यातल्या कानावर येते. तिथेच आपला जोड असतो. मूळ क्लिप आणि बाही (स्लीव्ह) असलेला बोल्ट आणा. फेंडरचा ब्रॅकेट धडकेत वाकलेला असेल तर आधी तो सरळ करा. वाकड्या ब्रॅकेटवर ओढून बसवलेला बंपर पहिल्या दिवसापासून ताणाखाली असतो.

स्कूटरच्या एबीएस पॅनेलची गोष्ट वेगळी आणि सोपी. एबीएसला बरीच अ‍ॅडहेसिव्ह धरतात, आणि त्याचेच तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली लापशी चीर छान सांधते. फक्त अ‍ॅसिटोन पूर्ण उडून जायला एक दिवस तरी द्या आणि तोवर पॅनेल ताणून बसवू नका, नाहीतर शेजारी जाळीसारख्या चिरा पडतात. हेडलॅम्पच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटला अ‍ॅसिटोन किंवा थिनर अजिबात लावू नका.

नायलॉनच्या रेडिएटर टाकीचा वेल्ड मी सुचवणार नाही. त्यात ३० टक्के काचतंतू असतात, ते वेल्ड ओलांडून जात नाहीत, आणि गरम, दाबाखालच्या पाण्यापुढे तो जोड टिकेल याचा भरवसा देता येत नाही. पेट्रोलच्या प्लास्टिक टाकीला तर गन लावायचीच नाही. टाकी रिकामी केली, धुतली, तरी भिंतीत मुरलेलं पेट्रोल गरम होऊन बाहेर येतं आणि स्फोट होऊ शकतो. ती बदलायचीच.

रंगाआधी एक तपासणी करून घ्या. अ‍ॅडहेसिव्हच्या डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ झाल्यावर बंपर जोडाच्या दोन्ही बाजूंना धरून गाडीवर वाकेल त्यापेक्षा किंचित जास्त वाकवा आणि मागच्या थराची कड नखाने उचलून बघा. कड हलली नाही, वेल्डच्या बाजूला पांढरी रेघ उमटली नाही, तर पुट्टी घ्या, पण लवचीक आणि प्लास्टिकसाठीची, आणि रंगातही फ्लेक्स, म्हणजे रंग लवचीक करणारा द्रव घाला. कड हलली तर थर काढून पृष्ठभागापासून पुन्हा करा.